मुधोळचे पिल्लू विमानाने नेताना

घटप्रभेच्या काठी, कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हे गाव आहे. तेथील घोरपडे संस्थानिकांनी शिकारी कुत्र्यांची एक जात जोपासली. लांबट तोंड, आत ओढलेले पोट आणि काटक पाय. आपल्याकडे याच अंगलटीच्या कुत्र्याला कारवानी म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीट काढले. २०२१ साली धावपट्टीवरचे पक्षी हुसकावण्याच्या कामासाठी येथील पिल्ले आग्र्याच्या हवाई दलाच्या तळाकडे गेली.

शेतकरी बंधुभगिनींनो, नोकरीनिमित्त दूर राहणारा आपला मुलगा असे पिल्लू विमानाने न्यायचे म्हणाला, तर आधी त्याला पिल्लाचे वय विचारा. आठ आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडू नये. पिसाळीची लस साधारण तीन महिन्यांनंतर टोचतात. लसीचा दाखला आणि प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र जवळ हवे. सर्वच विमान कंपन्या कुत्री नेत नाहीत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे. वजन ठरलेल्या मर्यादेत असेल तर पिल्लू मालकाजवळ राहते, नाहीतर पिंजऱ्यातून खाली सामानाच्या कप्प्यात जाते. तेथे अंधार व घरघर असते. म्हणून निदान पंधरा दिवस आधीपासून त्याला घरीच त्या पिंजऱ्यात झोपवावे. आत आईच्या अंगाचा वास असलेले फडके घालावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पिल्लू ओरडेल म्हणून कित्येकजण त्याला झोपेची गोळी देतात. ती कधीही परस्पर देऊ नका. आपले कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. उडत्या विमानातील हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. तेथे गोळीने श्वास व रक्तदाब मंदावला, तर पिंजऱ्यातल्या मुक्या जिवाकडे पाहायला कोणी नसते. ओरडणारे पिल्लू परवडले, गप्प पडलेले नको. निघण्यापूर्वी चार तास पोटभर खाऊ घालू नये, पाणी मात्र द्यावे. उन्हाळ्यात दुपारचे विमान टाळावे. या जातीच्या अंगावर चरबी कमी, म्हणून थंडीत अंथरूण जाड घालावे.

घाई नसेल तर रेल्वे आहेच. पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे घेतल्यास पिल्लू आपल्या पायाशी राहते. दिवस जास्त लागतो, पण त्याच्यावर आपली नजर राहते.