राजदूतचा प्लग

रोवणीच्या दिवसांत आमच्या अर्जुनी मोरगावकडे धुऱ्याधुऱ्यानं पऱ्हे नेणारी गाडी म्हणजे माझी जुनी राजदूत. 173 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागते. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा अन् सायलेन्सर कार्बननं बुजते. जाम होईल या भीतीनं मी एक साल अंदाजानं जास्तच ओतत गेलो. बायकोला ताप चढला त्या रात्री किक मारून मारून पाय भरून आला, गाडी उठली नाही. बैलबंडीनं दवाखाना गाठला. ती वाचली.

तेव्हापासून ऑइल मापानंच घेतो. पावसाळ्याआधी सायलेन्सर काढून कार्बन खरवडतो. पोरगा म्हणते, "बाबा, भंगारात द्या." ती मात्र मागे बसायच्या आधी अजून विचारते, "प्लग पुसला का जी?"