आयोवातली यंत्रांची जत्रा

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याविषयी बोलावे, न्यूयॉर्कच्या उंच इमारतींविषयी बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. आम्हीही नायगारा पाहिला. त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढले आणि तुषारांनी भिजून गेलो. परंतु "काय काय पाहिलंत?" असे कोणी विचारले, की माझ्या तोंडून आधी माउंट प्लेझंटचेच नाव निघते. मग हे गाव कुठे आहे, ते सांगत बसावे लागते.

आमची लेक आयोवा सिटीला असते. आयोवा हे अमेरिकेच्या मध्यावरचे शेतकऱ्यांचे राज्य. मोटारीतून कितीही जा, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. मधूनच एखादे पांढरे घर, लाल रंगाचा लाकडी गोठा आणि उन्हात चकाकणारी पत्र्याची उंच कोठारे. माणूस म्हणून दिसत नाही. पहिल्या आठवड्यात सौभाग्यवती म्हणाली, "एवढं पीक येतं, पण राखणीला कोणीच कसं नाही?" ह्या प्रश्नाचे उत्तर मला माउंट प्लेझंटला मिळाले.

तिकडे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगारदिनाची सुटी असते. २०२३ साली त्या सुटीत जावईबापू म्हणाले, "बाबा, चला, तुम्हाला जत्रा दाखवतो."

"कुठल्या देवाची?" सौभाग्यवतीने विचारले.

"देव नाही, आई. जुन्या ट्रॅक्टरांची!"

तिने माझ्याकडे पाहिले. ह्या पाहण्याचा अर्थ संसारी वाचकांना सांगायला नको.

आयोवा सिटीपासून दक्षिणेला तासाभरात माउंट प्लेझंट येते. जुन्या मळणीवाल्यांचा हा मेळावा तिथे १९५० पासून भरतो. सोमवारच्या सुटीआधीच्या गुरुवारी सुरू होतो आणि पाच दिवस चालतो. दाराशी पोचायच्या आधीच कोळशाच्या धुराचा आणि तापलेल्या तेलाचा वास आला, आणि पाठोपाठ आगगाडीची शिटी ऐकू आली. आत पाहावे तो खरोखरच जत्रा! वाफेवर चालणारी हत्तीएवढी इंजिने भुस् भुस् करीत फिरत होती. एकाच्या लांबलचक पट्ट्यावर मळणीयंत्र चालले होते आणि गव्हाचे काड उंच उडत होते. चर्चची मंडळी तंबू ठोकून जेवण वाढीत होती. आपल्याकडच्या उत्सवातल्या पंगतीची आठवण यावी, इतक्या लगबगीने त्यांच्या बायका थाळ्या पुढे करीत होत्या. सौभाग्यवती तिथेच रमली आणि मी ट्रॅक्टरांच्या रांगेकडे वळलो.

ट्रॅक्टरांनी असे मिरवावे, हा आयोवाचा हक्कच आहे. १८९२ साली जॉन फ्रोलिक नावाच्या गृहस्थाने पुढेही जाणारा आणि मागेही येणारा पेट्रोलचा ट्रॅक्टर ह्याच राज्यात बनवला. त्यातून वॉटर्लू गावी कारखाना निघाला आणि तो १९१८ साली जॉन डिअर कंपनीने घेतला. ह्याच राज्यातल्या चार्ल्स सिटीत हार्ट आणि पार ह्या दोघांचा कारखाना होता. 'ट्रॅक्टर' हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवण्याचे पुष्कळसे श्रेय त्यालाच देतात. माझ्यासमोर ह्या साऱ्यांची वंशावळच उभी होती. हिरवे, तांबडे, नारिंगी, करडे शेकडो ट्रॅक्टर, आणि प्रत्येकाशेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेला एकेक म्हातारा. राखण करणारी माणसे कुठे गेली, हे तेव्हा कळले. ह्या यंत्रांनी त्यांना शेतातून मोकळे केले होते, आणि ती आता यंत्रांचीच राखण करीत बसली होती.

एका टोकाला लोहाराची पाल होती. भट्टी, ऐरण, घण, सांडशी, सगळे आपल्या गावच्या लोहाराकडे असते तसे. मात्र हा लोहार मूळचा शाळामास्तर निघाला. निवृत्त झाल्यावर त्याने भट्टी पेटवली होती. तो काय घडवीत होता ते पाहिले आणि मी जागीच थांबलो. अंगठ्याएवढ्या जाडीची पोलादी सळई, दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेली. इंजिनाचे हँडल!

शहरातल्या तरुण वाचकांना हे सांगायला हवे, की बटण दाबून इंजिन सुरू होण्याचे सुख फार जुने नाही. मोटारीला विजेचा स्टार्टर बसला तो १९१२ च्या कॅडिलॅकला, चार्ल्स केटरिंग ह्यांच्या युक्तीने. शेतावर तो पोचायला आणखी पुष्कळ वर्षे गेली. तोवर शेतकरी रोज सकाळी इंजिनासमोर वाकून हँडल मारीत. जॉन डिअरच्या जुन्या दोन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला तर हँडलही नसे. बाजूचे उघडे फ्लायव्हीलच दोन्ही हातांनी गरकन फिरवायचे. पुढे स्टार्टर आले, हँडले गोठ्याच्या कोपऱ्यात पडली आणि हरवली. आता हौशी लोक जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतात, तेव्हा यंत्र सापडते आणि हँडल सापडत नाही. मग ते ह्या मास्तराकडे येतात.

मास्तर आधी ट्रॅक्टरपाशी जाऊन साधी तार वाकवून नमुना करतो. भुजा लांब ठेवली तर जोर कमी लागतो. पण फिरताना ती जमिनीला किंवा पुढच्या कण्याला अडता कामा नये. मग सळई लालभडक तापवून दोन वळणे द्यायची. मुठीवर लोखंडी नळी सैल बसवायची, म्हणजे ती हातात फिरते आणि तळव्याची साल निघत नाही. हे सगळे तो बोलता बोलता करीत होता. टोकाची खाच कानशीने घासायला बसला, तेव्हा मात्र गप्प झाला.

"ही बाजू पाहा," काम झाल्यावर तो म्हणाला. "एक अंग सरळ आहे आणि एक उताराचं. आपण फिरवतो तेव्हा सरळ अंग इंजिनाला धरतं. इंजिन सुरू होऊन आपल्या पुढे पळालं, की उतार हँडलला बाहेर ढकलतो. हा उतार चुकला तर हँडल सुटत नाही, इंजिनाबरोबर गरगरत राहतं. मग जवळ जाण्याची सोय नाही."

"आणि इंजिन उलटं फिरलं तर?" मी विचारले. माझा आवाज मलाच निराळा वाटला.

त्याने माझ्याकडे रोखून पाहिले. "दट्ट्या वर पोचायच्या आधीच भडका उडाला, तर तो मागे ढकलला जातो. तेव्हा सरळ अंगच हँडलला धरतं. उलट्या झटक्यात हँडल सुटत नाही. हातानेच सोडावं लागतं."

मी तिथल्या बाकावर बसलो.

१९६२ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो आणि सुटीत कृष्णाकाठी आजोळी गेलो होतो. मामाने नुकतीच मोट सोडून विहिरीवर डिझेल इंजिन बसवले होते. हँडल मारायचे मामाने आणि व्हॉल्व्हची कळ धरायची मी, असा आमचा करार होता. कळ धरली, की इंजिनाचा दाब सुटतो आणि चाक हलके फिरते. चाकाने वेग घेतला, की मामा "सोड!" म्हणे, मग मी कळ सोडायची, आणि इंजिन धडधडू लागायचे. पाटाला पाणी आले, की ते मीच आणले असे मला वाटे.

एके दिवशी वरून पोपटांचा थवा गेला. मी वर पाहिले आणि माझ्या हातून कळ आधीच सुटली. इंजिनाने उलटा झटका दिला. मामाचे मनगट मोडले. हाडवैद्याने ते बांधले. पण पुढे ते कधी सरळ झाले नाही. घरी मामाने सांगितले, "हात निसटला." माझे नाव त्याने घेतले नाही, आणि मीही सांगितले नाही.

बाकावर बसल्या बसल्या मी पाहत होतो. हँडलचा मालक, ऐंशीच्या घरातला एक शेतकरी, ते घेऊन आपल्या तांबड्या फार्मॉलकडे निघाला. मीही मागोमाग गेलो. हा एच जातीचा ट्रॅक्टर १९३९ ते १९५३ पर्यंत बनत होता. म्हाताऱ्याने गिअर सुटा आहे ना, हे दोनदा पाहिले, पेट्रोलची तोटी उघडली आणि रेडिएटरखालच्या भोकातून हँडल आत सरकवले. त्याचा नातू शेजारी येऊन उभा राहिला.

"बाजूला हो," म्हातारा म्हणाला. पोरगे दोन पावले सरकले. "आणखी!" ते चांगले दूर गेल्याशिवाय त्याने मुठीला हात लावला नाही. मग अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून त्याने हँडल खालून वर ओढले. वरून खाली कधी दाबायचे नाही. वर ओढताना झटका बसला, तर बोटे आपोआप उघडतात. आत मॅग्नेटोची टक् झाली. तिसऱ्या ओढीला इंजिन बोलू लागले आणि हँडल आपसूक सुटून त्याच्या हातात आले. भोवतालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझे लक्ष मात्र पोराच्या रिकाम्या जागेकडे होते. विहिरीवर मी तिथेच उभा असे, हँडलच्या फेऱ्याला लागून. झटका बसला तेव्हा मामाने मूठ सोडली असती, तर ते हँडल कुठे आले असते? मामाला सोडायला वेळच मिळाला नाही, की त्याने सोडले नाही?

हे आता कोणाला विचारणार? मामाला जाऊन कितीतरी वर्षे झाली.

संध्याकाळी परतताना सौभाग्यवतीने चर्चच्या तंबूतली सफरचंदाची पाय कशी होती, ते सविस्तर सांगितले. मी गप्प होतो. "दमलात का?" तिने विचारले. मग मी तिला मामाची गोष्ट सांगितली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली. पण ती तिने पहिल्यांदाच ऐकली.

भारतात आल्यावर मी आजोळी गेलो. विहिरीवर आता विजेची मोटर आहे. इंजिन केव्हाच भंगारात गेले. पण हँडल मामेभावाच्या दारामागे खुंटीला टांगलेले सापडले. मी ते उजेडात नेले. उताराचे अंग झिजून गुळगुळीत झाले होते, सरळ अंग अजून सरळ होते.

ओसरीवर बसून मी मामेभावाला सगळे सांगितले. ऐकून तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, आम्हाला ते शेवटपर्यंत हात निसटला म्हणूनच सांगायचे." एवढे बोलून त्याने हँडल माझ्या हातातून घेतले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि पुन्हा खुंटीला लावले.