नव्याण्णव सेंटचे गाणे

सप्टेंबर २००३. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन गावी एक मराठी कुटुंब जेवायला बसले होते. टीव्हीवर बातमी लागली. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने इंटरनेटवरून फुकट गाणी वाटणाऱ्या २६१ जणांवर खटले भरले होते. त्यांत न्यू यॉर्कची १२ वर्षांची मुलगीही होती. तिच्या आईला २००० डॉलर भरून तडजोड करावी लागली.

आईचा घास हातातच राहिला. चौदा वर्षांचा मुलगा खाली मान घालून वरणभात कालवत होता, जरा जास्तच मन लावून.

जेवणे आटोपल्यावर तिने त्याला संगणक लावायला सांगितला. साडेसहाशे गाणी!

"ही सगळी फुकट?"

"सगळेच घेतात गं, आई."

"दंड भरायची वेळ आली तर येतील का सगळे?"

बाबांनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वर केले.

तोडगा महिन्याभराने निघाला. ॲपल कंपनीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटरनेटवर गाण्यांचे दुकान थाटले होते. पहिल्याच आठवड्यात तिथे १० लाख गाणी खपली, पण ती फक्त कंपनीच्या स्वतःच्या संगणकांवर चालत. १६ ऑक्टोबरला विंडोजवाल्यांनाही दार उघडले. एका गाण्याला ९९ सेंट, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४५ रुपये. घेण्याआधी अर्धा मिनिट ऐकून पाहायची सोय. विकत घेतलेले गाणे तीन संगणकांवर वाजे, चौथ्यावर मुके! (हे कुलूप २००९ मध्ये निघाले.)

शनिवारी आईने क्रेडिट कार्ड काढले. "दहा गाणी घे. तुझी तू निवड."

साडेसहाशे गाणी गोळा करणाऱ्या त्या पोराला दहा निवडता येईनात. एक ऐके, पुन्हा ऐके, मागे जाई. "हे तेवढं खास नाही," असे स्वतःशीच पुटपुटे. फुकटात घेताना हा प्रश्नच कधी पडला नव्हता. पाऊण तासाने चार गाणी झाली आणि तो थांबला.

"आता तुझं सांग. मी शोधतो."

आईने एक जुने भावगीत सांगितले. ते काही तिथे सापडले नाही. "असू दे, माझ्याकडे आहे," म्हणत तिने कपाटातून एक कॅसेट आणली. लग्नाआधी दादरच्या एका दुकानात गाण्यांची यादी देऊन भरून घेतलेली. आतल्या कागदावर तिचेच वळणदार अक्षर.

मुलाने कॅसेट उलटसुलट करून पाहिली. "याचे पैसे त्या गायिकेला मिळाले?"

आई गप्प. बाबांचे वर्तमानपत्र हळूच खाली आले.

"नाही रे," ती शेवटी म्हणाली. "दुकानदाराला दिले. त्याने पुढे कुणाला काही दिलं नसणार. तेव्हा हे मनातही आलं नाही."

"मलाही नव्हतं आलं," मुलगा म्हणाला.

त्या रात्री त्याने ती साडेसहाशे गाणी स्वतःच पुसून टाकली. मधूनमधून "अरेरे" ऐकू येत होते, पण आई खोलीत गेली नाही.

पुढच्या वर्षी भारतात आल्यावर तिने दादरला त्या भावगीताची सीडी विकत घेतली. कॅसेट मात्र अजून कपाटातच आहे. ती काही तिने टाकली नाही.