स्वस्त घर आणि आडनाव

मुंबईत भाड्याच्या खोल्यांत आयुष्य काढणाऱ्या आपल्या माणसाला बदलापूर परवडते. मीही तिथेच घर पाहतोय. आधी उल्हास नदी किती लांब आहे ते पाहिले. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती. लोकलची गर्दी सोसता येईल. पण दलालाने बजेटच्या आधी आडनाव विचारले! १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. आज तोंडावर नकार देत नाहीत, ‘फ्लॅट बुक झालाय’ म्हणतात. मग मित्रांनो, हे गाव स्वस्त कोणासाठी? तरीही घर बदलापुरातच घेणार. येत्या रविवारी मात्र दलालाकडे नाही, तिथल्या विहारात जाणार आहे. कुठे टँकर लागतो, कोणत्या सोसायटीत आपली माणसे सन्मानाने राहतात, हे तेच खरे सांगतील.