बारनिशीचा कारकून

कचेरीतील बारनिशीच्या कारकुनाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. टिपणी लिहिणारा आणि सही करणारा यांची नावे सर्वांच्या तोंडी असतात. परंतु कोणते पत्र कोणत्या मेजावरून निघाले व त्याचे उत्तर कोठे पोचवावयाचे, हे जाणणारा तो एकटाच. निवासस्थानी येणारी एकच तार सर्व यंत्रांना पुरावी म्हणून एका जुन्या संगणकाला मी राउटरचे काम शिकविले, तेव्हा मला याच उपेक्षित गृहस्थाची आठवण झाली.

त्या संगणकाला दोन नेटवर्क कार्डे बसविली. एक बाहेरच्या तारेसाठी, दुसरे घरासाठी. आतल्या यंत्रांना १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते दिले. १९९६ च्या नियमाने हे पत्ते कोणालाही मोकळे आहेत. म्हणूनच बाहेर त्यांना काडीची किंमत नाही. लिनक्सला एका ओळीने पॅकेटे पुढे धाडण्याची मुभा द्यावयाची आणि दुसऱ्या ओळीत आयपीटेबल्सची आज्ञा लिहावयाची. तिचे नाव मॅस्करेड, म्हणजे सोंग! आतून निघणाऱ्या प्रत्येक पॅकेटावरील प्रेषकाचा पत्ता खोडून सर्व्हर तेथे स्वतःचा पत्ता घालतो, पोर्टचा क्रमांक टाकतो आणि तशी नोंद ठेवतो. उत्तर आले की त्या क्रमांकावरून मूळ मेज शोधून काढतो. आमचा जावक क्रमांक याहून निराळा काय असतो?

ही युक्ती टंचाईतून निघाली. बत्तीस बिटांत सुमारे ४२९ कोटीच पत्ते मावतात. १९९४ च्या मे महिन्यात ती प्रसिद्ध झाली; २०११ च्या फेब्रुवारीत पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपलाच.

परंतु आतून ज्याला कोणी आधी लिहिले नाही, त्याचे पत्र या बारनिशीत कोणाच्याच नावे लागत नाही. वडिलांच्या मागे त्यांच्या रोजनिश्या माझ्याकडे आल्या. त्यांच्या पानांची छायाचित्रे मी आतल्या एका संगणकावर ठेवली होती. साताऱ्याहून ताईने ती उघडू पाहिली. तिची हाक दारापर्यंत येऊन विरली. पुष्कळ लोक याला संरक्षक तट समजतात. मला ते पटत नाही. अनोळखी पत्राचे काय करावे हे बारनिशीला उमगत नाही, इतकेच. पहाऱ्यासाठी फायरवॉल निराळी हवी.

अमुक पोर्टावर येईल ते अमुक यंत्राकडे द्यावे, असा कायमचा शेरा मी लिहून ठेवला. तरी व्यर्थ! सेवा पुरविणाऱ्या कंपनीने आमच्याही वर आपली एक बारनिशी बसविली होती. १००.६४ पासूनची पत्त्यांची ओळ २०१२ साली अशाच कामासाठी राखून ठेवली गेली, आणि माझ्या सर्व्हरचा बाहेरचा पत्ता त्याच ओळीतला निघाला. त्या वरच्या दप्तरात माझा शेरा कोण वाचणार?

शेवटी आयपीव्ही ६ चा आश्रय घेतला. तेथे पत्ता १२८ बिटांचा. प्रत्येक यंत्राला आपला स्वतंत्र. फायरवॉलमध्ये त्या एका संगणकाचे एकच पोर्ट उघडले, त्याला परवलीचा शब्द घातला, आणि ताईला फोन केला. तिच्या मोबाइलला तसला पत्ता होताच.

तिने प्रथम १९८४ ची रोजनिशी उघडली. आपल्या जन्माचा दिवस सापडेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. "अरे, दोनच ओळी आहेत," ती म्हणाली. दुसरी ओळ सुइणीला दिलेल्या लुगड्याच्या किमतीची होती.