तोच उंदीर, पुन्हा

खारघरच्या घरी आईने परवा मला माझेच नाव विचारले. तिच्या एम.आर.आय.मध्ये मेंदूचा आकार तेवढा दिसला. आतल्या रसायनांविषयी मी वाचू लागलो. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू सुमारे २० टक्के वापरतो. त्यातून होणारी झीज ग्लुटाथायोन थोपवते. पूर्वी उंदराचा मेंदू काढूनच ते मोजत. एम.आर. स्पेक्ट्रोस्कोपीने तोच जिवंत उंदीर काही महिन्यांनी पुन्हा तपासता येतो. मात्र ग्लुटाथायोनचा क्षीण संकेत क्रिएटिनच्या संकेताखाली दडतो. तो युक्तीने वेगळा काढावा लागतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील प्रवत मंडल यांच्या चमूने २०१५ साली अल्झायमरच्या रुग्णांत, स्मृतीशी निगडित भागात, ते घटलेले दाखवले.

हे सारे मी आईला वाचून दाखवले.

“मग उंदीर वाचला ना?” तिने विचारले.