फटफटीवरचा संसार

आमच्या घरात दोन वह्या आहेत. एक दूध, इस्त्री आणि किराणा यांच्या हिशेबाची, दुसरी फटफटीची. या दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर सौ.च्या ठसठशीत अक्षरात लिहिले आहे : ‘ॲल्युमिनियमच्या पेट्या पुन्हा नाहीत.’ ही एक ओळ लिहिण्यासाठी तिला डाव्या घोट्याचे हाड मोडून घ्यावे लागले आणि मला पुढची चार वर्षे आपल्याच घरात अपराध्यासारखे वावरावे लागले. त्याची ही हकीकत.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बँकेतल्या माणसाने फटफटी घ्यावी, आणि तीही लडाखला जाण्यासाठी, हे कोणत्याही शहाण्या माणसाला पटण्यासारखे नाही. मला ते २०१७ साली पटले. मी घेतली ती रॉयल एन्फील्डची हिमालयन. ही गाडी आदल्याच वर्षी, २०१६ साली, बाजारात आली होती. इंजिन ४११ सीसीचे, पेट्रोलची टाकी पंधरा लिटरची, मागचे चाक सतरा इंची आणि पुढचे चांगले एकवीस इंची. पुढचे चाक एवढे मोठे का, असा प्रश्न शेजाऱ्यांनी विचारला. मोठे चाक लहान खड्ड्यात बुडत नाही आणि दगडावरून सहज चढून जाते. हे कळायला बैलगाडी पाहिलेली असली की पुरे! डांबरी रस्त्यावर लांबचा पल्ला मारायचा आणि रस्ता संपला तरी थांबायचे नाही, अशी ही गाड्यांची जात आहे. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली आर ८० जी/एस नावाची मोठी गाडी काढली, तेव्हापासून या जातीला खरा भाव आला.

गाडी घरी आली आणि मला अलंकारांचे वेड लागले. मुंजीच्या बटूला नटवावे तसे मी तिला नटवू लागलो. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या चकचकीत पेट्या, त्या अडकवण्यासाठी लोखंडी चौकट, पुढे पाय वाचवणारे गार्ड, दोन जादा दिवे, मोबाईलचा स्टँड, ट्रकलाही लाजवील असा हॉर्न. शिवाय उभे राहून चालवताना कंबर वाकू नये म्हणून हँडल सव्वा इंच वर उचलणारे राइझर. नाना पेठेतल्या मिस्त्रींनी हे सगळे जोडून दिले; पण शेवटी हात पुसता पुसता म्हणाले, “साहेब, लडाखला जायचंय का दुकान मांडायचंय?” मी हसलो. पेट्या आणि चौकट यांचे रिकामे वजन एकवीस किलो भरते, हे मला फार पुढे रद्दीवाल्याच्या काट्यावर कळले.

२०१८ च्या जुलैत आम्ही निघालो. त्या वेळी मनालीहून रोहतांग घाट ओलांडूनच लाहौलच्या खोऱ्यात उतरावे लागे. केलाँगच्या अलीकडे तांदी येथे पेट्रोलपंप आहे आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची तिथली पाटी प्रसिद्ध आहे. त्या पाटीशेजारी उभे राहून आम्ही रीतसर फोटो काढला. मग आपण फार मोठे प्रवासी झालो अशा थाटात पुढे निघून, केलाँगला सावकाश जेवून, दुपारी झिंगझिंगबारच्या वाटेला लागलो. तीच चूक झाली.

त्या वाटेवर पागल नाला आहे. नावाप्रमाणे वागणारा! सकाळी घोट्याएवढे पाणी. दुपारी ऊन चढून वरचे बर्फ वितळले की तेच पाणी गुडघ्याला लागते आणि पाण्याखालचे दगड जागा बदलतात. ज्याला हे माहीत आहे तो पहाटे ओलांडतो. मी दुपारी अडीच वाजता, दोघांचे वजन आणि भरलेल्या पेट्या घेऊन पाण्यात शिरलो. वेग चालत्या माणसाएवढा होता. पुढचे चाक एका गोट्यावरून घसरले, मी पाय टेकला आणि गाडी डावीकडे कलली. एवढ्या वेगाने पडल्यावर एरवी कपडे भिजतात, इतकेच. पण मागे बसलेल्या माणसाचे पाऊल नेमके पेटीच्या पुढ्यात असते. गाडी आडवी होताच पेटीचा कोपरा हिच्या घोट्यावर आला. खाली दगड, वर लोखंडासारखी पेटी आणि त्यावर सव्वादोनशे किलोंची गाडी.

ही ओरडली नाही. “अहो, पाय अडकलाय,” एवढेच म्हणाली. मी गाडी उचलू लागलो, तर ती हलेना. पलीकडे सीमा सडक संघटनेचे मजूर रस्ता नीट करीत होते. झारखंडातून आलेली, विशी-बाविशीची पोरे. चौघांनी पाण्यात उड्या टाकून गाडी उचलली, एकाने हिला पाठीवर घेतले. केलाँगला प्लास्टर झाले. परतीच्या प्रवासात ही माझ्यावर एकदाही रागावली नाही, हेच मला फार जड गेले.

पुण्याला आल्यावर मी पेट्या उतरवल्या आणि गाडी विकायची जाहिरात लिहायला घेतली. हिने कागद पाहिला. म्हणाली, “विकू नका. पाय बरा झाला की मी पुन्हा येईन. पण गाडी तुम्ही स्वतःच्या हातांनी तयार केलेली हवी. विकत आणून लटकवलेली नको.” आणि फटफटीची वही सुरू झाली.

मग माझे रविवार मिस्त्रींच्या दुकानात जाऊ लागले. प्रथम त्यांनी मला साखळी शिकवली. साखळी रॉकेलने धुवायची, पुसायची, आतल्या बाजूने तेल द्यायचे. घाटात धूळ फार असेल तर रोज, एरवी पाचशे किलोमीटरला एकदा. त्यात कसब नाही. कसब आहे ते साखळीच्या ढिलाईत. गाडी रिकामी उभी असताना साखळी झोकात ताणून बसवली, तर दोघे बसल्यावर मागचे चाक वर सरकते आणि तीच साखळी तारेसारखी घट्ट होते. मग बेअरिंगे खातात. म्हणून मिस्त्री आम्हा दोघांना सामानासकट गाडीवर बसवीत आणि स्वतः खाली वाकून साखळीला बोट लावून पाहत. मागच्या स्प्रिंगचा ताणही त्यांनी तसाच, आम्हाला बसवून ठरवला. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत. कोणी तरी विचारलेही, “काय, फोटो काढताय का?”

आऱ्यांचे काम हिने घेतले. चाक वर उचलून फिरवायचे आणि प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकेच टिचकी मारायची. घट्ट आरा टणत्कार देतो, सैल आरा बसक्या आवाजात बोलतो. मला सगळे सारखेच ऐकू येई. ही लहानपणापासून तंबोऱ्यावर बसलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, “हे दोन उतरलेत.” मिस्त्रींनी पाहिले, दोन्ही सैल! त्या दिवसापासून मिस्त्री मला ‘साहेब’ आणि हिला ‘ताई’ म्हणू लागले. यातला कोणता शब्द मानाचा, हे मी विचारले नाही.

नखांचा लाल रंगही तिचाच. प्रत्येक महत्त्वाचा नट घट्ट केला की नटावरून शेजारच्या लोखंडावर एक बारीक रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. पान्याने साठ नट तपासत बसण्यापेक्षा सकाळी एक फेरी मारून नुसती नजर टाकली की काम झाले.

पंक्चर काढायचा सराव इमारतीच्या पार्किंगमध्ये केला. मागचे चाक काढून, टायर उकलून, ट्यूब बदलून पुन्हा बसवायला पहिल्या दिवशी तीन तास दहा मिनिटे लागली आणि माझ्याच पट्टीने नवी ट्यूब चिमटली गेली. सहाव्या खेपेस पाऊण तासावर आलो. दोन वेगळ्या ट्यूब वाहायला नकोत म्हणून एकवीस इंची ट्यूब तेवढी घ्यायची, ती अडचणीला सतरा इंची टायरमध्येही गावापर्यंत नेते, ही युक्ती इथेच कळली.

बाकीची यादी वजाबाकीची होती. पेट्या गेल्या, त्यांच्या जागी रविवार पेठेतल्या एका ताडपत्रीवाल्याकडून कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, वजन साडेतीन किलो. पिशवी पायावर पडली तर दबते, पेटी दबत नाही. हॉर्न गेला. दिवे राहिले, पण त्यांची वायर मी मूळ वायरीत कुठेही टोचून जोडली होती ती काढून मिस्त्रींनी वेगळा फ्यूज आणि रिले टाकला. सायलेन्सरला मी हात लावलेला नव्हता, आणि ते बरेच झाले. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही. आणि पहाटे पाचला गल्ली उठवणाऱ्या तरुणांबद्दल माझे मत कायद्याहून कडक आहे.

राइझर मात्र मी काढले नाहीत. कंबर माझी होती! मिस्त्री म्हणाले, “हँडल वर गेलं, पण क्लचची केबल तेवढीच आहे साहेब. पूर्ण वळवलं की ताणते.” मी ऐकले नाही, तेव्हा त्यांनी न बोलता दुसरी केबल आणली आणि चालू केबलीच्या अंगाला लावून, तोंडे प्लास्टिकने बांधून ठेवली. राइझर बसवताना निघालेले मूळचे चार आखूड बोल्टही त्यांनी हिच्या हातात दिले. हिने वहीत लिहिले : ‘काढलेले परत लावता आले पाहिजे.’

मधली दोन वर्षे महामारीत गेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून गाडी रेल्वेने चंदीगडला पाठवली आणि आम्हीही मागोमाग गेलो. आता रोहतांगखालून अटल बोगदा झालेला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला हा नऊ किलोमीटरचा बोगदा, ज्या घाटाला पूर्वी अर्धा दिवस लागे तो पंधरा मिनिटांत संपवतो. सोय फार झाली. पण विरळ हवेला शरीर हळूहळू रुळत असे, ती सवडही गेली.

तांदीला या वेळी फोटो काढला नाही, हिशेब केला. पुण्याच्या रस्त्यावर लिटरला तीस किलोमीटर जाणारी गाडी दोघांना घेऊन चढावर चोवीसच जाते. पंधरा चोवीस तीनशे साठ. पाटी ३६५ ची. पाच लिटरचा डबा भरून बांधला. मुक्काम जिस्पाला केला आणि पहाटे निघून सहाच्या सुमारास पागल नाल्यावर पोचलो. पाणी घोट्याएवढे होते. ही खाली उतरली, गमबूट चढवून एकटी पलीकडे चालत गेली आणि मागे न बघता तिथे उभी राहिली. मी पार झालो तेव्हा तिने वळून पाहिले.

बारालाचा सोळा हजार फुटांचा, तो निर्विघ्न गेला. सर्चूला तंबूत डोके दुखत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी गाटा लूप्स लागले. डोंगराच्या एकाच अंगावर एकवीस वळणे, एकावर एक रचलेली. दर वळणाला हँडल पूर्ण वळवावे लागते. चौदाव्या वळणाला क्लचचा लिव्हर खरखरीत लागला, सोळाव्याला ‘तट्’ असा आवाज झाला आणि लिव्हर हातात मोकळा आला.

मी मुकाट्याने उतरलो. ही खिशातून बोल्टची पुरचुंडी काढून उभी होती. म्हणाली, “आधी ते काढा.” त्या विरळ हवेत चार बोल्ट उलगडायला मला चार वेळा बसावे लागले. राइझर निघाले, हँडल मूळ जागी आले. बांधून ठेवलेल्या केबलीची तोंडे सोडून एक टोक वर अडकवले, एक खाली. सगळे मिळून पंचवीस मिनिटे. वरून येणाऱ्या ट्रकच्या सरदारजी ड्रायव्हरने थांबून विचारले आणि सगळे ठीक आहे असे पाहून बरोबरची खारी बिस्किटे देऊन गेला.

वर गेल्यावर एका वळणाशी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. बंद पडलेल्या ट्रकजवळ एकटा राहिलेला क्लीनर इथे तहानेने मेला, अशी दंतकथा आहे. येणारेजाणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात. भुताखेतांवर हिचा विश्वास नाही. तिने एक भरलेली बाटली ठेवली आणि झाकण थोडे सैल केले.

लाचुलुंगला, पांग, मग मोरेचे चाळीस किलोमीटरचे सपाट मैदान. इतके सपाट की गाडी चालते आहे की नाही, अशी शंका यावी. तांगलांगला १७,४८० फुटांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मा. इंजेक्शनची गाडी पेट्रोल त्या बेताने कमी करते, म्हणून गुदमरत नाही, पण चोवीस घोड्यांतले बारा घरी राहतात. पहिल्या गिअरमध्ये कण्हत ती वर गेली. राइझर नसल्याने माझी कंबर तिच्याहून मोठ्याने कण्हत होती.

लेहला पोचायला रात्र झाली. सकाळी पाहतो तो अतिथिगृहाच्या अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली गाडी उभी आणि ही तिच्याभोवती फेरी घालते आहे, हातात लाल रंगाची बाटली.

“तीन रेघा तुटल्यात,” ती म्हणाली, “पान्याचं पुडकं आणा. आणि खारदुंगला किती लांब आहे हो इथून?”